तात्यांची जीभ

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं त्या अक्कापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तर कुठल्यातरी परिसंवादात माझ्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी असाल. तसं असेल तर तुमच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी कारखान्यांचे आराखडे करते. सॉस, जॅम, लोणची, फळांचे गर — खायच्या वस्तूंचे कारखाने. आणि नुसते कारखाने नाहीत हं, पर्यावरणपूरक कारखाने. कोथरूडला ऑफिस आहे. खिडकीत बांबूची कुंडी, भिंतीवर मानपत्रं, आल्या-गेल्याला तांब्याच्या भांड्यातलं पाणी. कुणी प्लास्टिकची बाटली घेऊन आत आलं तर ऑफिसातल्या मुली त्याच्याकडे असं बघतात, की जणू त्याने खून केलाय. छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटायचं. रोज सकाळी ऑफिसचं दार उघडताना मला मी फार आवडायचे.

आमच्या या धंद्यात गुण मिळतात. शाळेत मिळायचे तसेच. छपरावर सौर पॅनल लावलीत — गुण. दिवसा दिवे न लावता काम चालतं — गुण. देशी झाडं लावलीत — गुण. सायकल स्टँड काढलंत, त्यालाही गुण! हडपसर सोडून सासवड रस्त्याला लागलं की ट्रकच्या चाकाला स्कूटर घासत माणसं कामावर जातात. तिथे मी एक देखणं सायकल स्टँड काढलं होतं. माळ्याने त्यात फावडी-घमेली ठेवली. तरी गुण मिळालेच, कारण गुण द्यायला येणारी मंडळी गाडीतून येतात, एसीतून उतरतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. 

पण मला सायकल स्टँडबद्दल बोलायचं नाहीये. मी उगाच फिरत बसलेय. 

तो कारखाना लोणच्याचा होता. लोणच्याच्या कारखान्यात कैरी आली की लगेच लोणचं होत नाही. ती मोठमोठ्या पिंपांत मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवतात. पिंप रिकामं झालं की ते मिठाचं पाणी, म्हणजे खार, उरतो, आणि तो कुठेतरी सोडावा लागतो. आता शुद्धीकरणाच्या टाकीत पाण्यातली घाण जिवाणू खातात, वास जातो, रंग जातो, पाणी काचेसारखं दिसतं. मीठ मात्र कुठलाच जिवाणू खात नाही. ते तसंच राहतं. ते काढायचं तर पाणी आटवणारं यंत्र बसवावं लागतं. हे कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. माझ्या पहिल्या आराखड्यात ते यंत्र होतंही.

पुढे ते नव्हतं. का? तर ते यंत्र वीज खातं. आणि विजेच्या खात्यात आमचे गुण कमी पडत होते. सर्वांत वरचं मानांकन थोडक्यात हुकत होतं. उलट प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला दिलं तर गुण वाढत होते. त्या पाण्यात मीठ किती, हे विचारायचं त्या नियम करणाऱ्या हुशार लोकांना सुचलंच नव्हतं. तेव्हा मी ते यंत्र पुसून टाकलं आणि तिथे लॉन काढलं.

मालकाने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मालकाला लोणच्यातलं कळायचं, यंत्रातलं नाही. तो फक्त म्हणायचा, "मॅडम, आपलं ग्रीनचं तेवढं वरचं सर्टिफिकेट येऊ द्या." यंत्र पुसलं ते मी. माझ्या टेबलावर, भर दुपारी, चहा पीत. स्वतःला समजावलं की खार थोडा थोडा सोडला, बाकीच्या पाण्यात मिसळला, तर जाणवणार नाही. तशी सूचनाही लिहून ठेवली. थोडा थोडा सोडावा! कारखान्यात कधी कुणी काही थोडं थोडं सोडतं का?

आता अक्काबद्दल सांगायला हवं. ती माझी थोरली बहीण. आम्ही त्याच बाजूच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. मी शिकले, कोथरूडला आले, 'हाय'चं 'आहे' केलं आणि माहेरच्या माणसांत पाहुणीसारखी वावरू लागले. अक्का त्याच पट्ट्यात दिली. खाऊन-पिऊन सुखी घर. दाजींची शेवंती आणि घेवडा मार्केट यार्डला जायचा, आणि दाजींचा माल म्हटला की व्यापारी पोतं उघडून बघायचे नाहीत. कारखाना नेमका त्यांच्या शिवाराला लागून आला. गावाला कारखान्याचं पाणी नको होतं. लोकांनी पाइप टाकू दिला नाही, चार दिवस काम बंद पाडलं. 

तेव्हा अक्का मध्ये पडली. मी तिला सांगितलंसुद्धा नव्हतं. ती घरोघर गेली. "माझी सख्खी बहीण हाय ती. माझ्या रानात ती वंगाळ पाणी सोडंल व्हय?" असं म्हणाली. आणि नुसतं म्हणाली नाही — पहिलं पाणी माझ्या शेवंतीला द्या, म्हणाली. सासरच्या माणसांपुढे एवढं ठामपणे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. तिला माझा केवढा अभिमान होता, हे मला तेव्हा कळलं. आवडलंही. 

उद्‌घाटनाच्या दिवशी मांडव होता, सनई होती, पाहुणे होते. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे — उद्‌घाटनाला आराखडा करणाऱ्याने प्रक्रिया केलेलं पाणी सगळ्यांसमोर प्यायचं. लोकांना फार आवडतं ते. बहुतेक जण आदल्या दिवशीच त्या नळाला पिण्याच्या पाण्याची लाइन जोडून घेतात. मी जोडून घेतली नव्हती. माझा माझ्या आराखड्यावर विश्वास होता. गुपचूप फसवणाऱ्यांपेक्षा मी वेगळी, असं मला वाटायचं. एवढी मी मूर्ख होते.

झालं असं, की पाहुण्यांना खाराचा वास येऊ नये म्हणून मालकाने उद्‌घाटनाआधीच्या हंगामात भरलेली पिंपं आदल्या दोन दिवसांत सगळी एकदम रिकामी करून धुऊन घेतली होती. मी आले तेव्हा माणसं पिंपं उपडी घालत होती. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. पण मी साडीची निरी सारखी करत होते.

पेला भरला. पाणी स्वच्छ, थंड. मी घोट घेतला — आणि खारं. समुद्रासारखं नाही, पण पेजेत मीठ चुकून दोनदा पडावं तसं. जिभेला लागलं, घशाला लागलं. समोर पहिल्या रांगेत अक्का उभी, पदर सावरून, चेहरा फुललेला. ती पुढे आली, हात पुढे केला. "दे की मलाबी," म्हणाली. 

मी काय केलं? पेला तिला दिला नाही. हसले, मान मागे टाकली आणि उरलेलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. पेला उपडा करून लोकांना दाखवला. टाळ्या! कुणीतरी विचारलं, कसं आहे? मी म्हणाले, "एकदम गोड." दुसरा पेला कुणी भरायच्या आत मी नळ बंद केला आणि पाहुण्यांना लॉनकडे घेऊन गेले. लॉन फार कौतुकाने बघितलं त्यांनी. 

तुम्हाला वाटलं असेल, झाली कबुली. नाही. इथवरचं मी एखाद्या पार्टीत हसत हसत सांगू शकले असते. धंद्यातल्या लोकांनी पाठ थोपटली असती.

पाणी शिवारात जाऊ लागलं. रोज खारं यायचं असं नाही. पिंपं रिकामी झाली की चार-सहा दिवस खारं, मग पुन्हा बरं. त्यामुळे कुणाला पटकन कळलं नाही. कळलं ते तात्यांना. 

तात्या म्हणजे अक्काचे सासरे. ते काही संत नव्हते, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही लगेच गहिवराल. हट्टी, फुशारकी मारणारे. चहा जरा निवला की सुनेला कप परत पाठवणारे. पावसाचे त्यांचे अंदाज दरवर्षी चुकायचे आणि दरवर्षी ते ऐकवायचेच. मला ते मुळीच आवडायचे नाहीत. पण एका बाबतीत गाव त्यांना मानायचं. कुणाची नवी विहीर लागली, बोअर लागलं, की पहिलं पाणी तात्यांनी चाखायचं. ते ओंजळ भरून घ्यायचे, तोंडात घोळवायचे, थुंकायचे, आणि सांगायचे — हे पिकाला चालेल, हे गुरांना चालेल, हे कशालाच नको. मग नारळ फुटायचा. हा मान त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आला होता, आणि त्यांना तो फेट्याहून मोठा वाटायचा.

एका रविवारी अक्काकडे जेवायला आम्ही सगळे जमलो होतो. पाहुणेरावळे, शेजारचे, दोन-तीन गावकरी. तात्या म्हणाले, कारखान्याचं पाणी खारं हाय. दोनदा चाखलं, दोन्ही टायमाला खारं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, अक्कासुद्धा.

तेव्हा मी काय बोलले ते ऐका. "तात्या, तंबाखू खाऊन खाऊन तुमची जीभ गेलीय. उद्या जिलबीलाही खारट म्हणाल." 

असं, अगदी गोड आवाजात. पुण्यात राहून माणूस एवढं तरी शिकतोच. पंगत खदखदून हसली. अक्का सगळ्यांत जास्त हसली — सुटल्यासारखी हसली. तात्या पानावर मान खाली घालून बसले. मग त्यांनी भात कालवला आणि खाल्ला.

गावाला एवढं पुरलं. पारावर पोरं त्यांना चहा पुढे करून विचारायची, "तात्या, मीठ पडलंय का बघा." त्यानंतर गावात दोन बोअर लागली. चाखायला तात्यांना कुणी बोलावलं नाही. अक्काने मला हे फोनवर सांगितलं, थोडं हसत, थोडं वाईट वाटून. मी विषय बदलला. 

पुढच्या वर्षी अक्काच्या शेवंतीची पानं कडेने करपली. घेवडा उगवला नाही. उन्हाळ्यात वाफ्यांवर पांढरी पोपडी आली. मीठ फुटलं, म्हणतात तिकडे. मी बघायला गेले. वाकून माती उचलली, चष्मा वर केला, आणि दाजींना चारचौघांत सांगितलं की तुम्ही खतं वारेमाप टाकता, त्याचं हे मीठ आहे. दाजी खतं टाकायचे, हे खरंच होतं. म्हणून तर ते पटलं. खोटं बोलायचं तर अर्धं खरं घेऊन बोलावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. दाजींनी अपराध्यासारखी मान डोलावली. आयुष्यभर शेती केलेला माणूस, आणि मी त्याला त्याच्याच बांधावर उभं करून शेती शिकवत होते!

तात्या बांधावर मागे उभे होते. त्या रात्रीच त्यांनी अक्काला विचारलं म्हणे, तुझ्या बहिणीची जीभ खरी का माझी? अक्का म्हणाली, "तिनं पेला भरून पिलं की वो समद्यांम्होरं." ती काय चुकीचं बोलली? तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तात्या आपली वळकटी घेऊन थोरल्या मुलाकडे राहायला गेले. ते पुन्हा अक्काच्या पंगतीला बसले नाहीत. गावात बोललं गेलं की सुनेने सासऱ्याला घराबाहेर काढलं, बहिणीच्या नादाने. अक्का लग्नाकार्यात एका कोपऱ्यात बसू लागली. 

आणि मी? मी घाबरले. अक्कासाठी नव्हे, कुणी पाणी तपासायला दिलं तर काय, म्हणून. तेव्हा मालकाला गाठलं, म्हटलं, कारखाना वाढवताय तर पाणी आटवणारं यंत्रही बसवून घेऊ, आता नवी, कमी विजेची आली आहेत. बसवलं. पाणी सुधारलं. खरोखर सुधारलं. आणि त्यासाठी — हसू नका — मला आणखी एक पुरस्कार मिळाला. 'मिठाचा पुनर्वापर' या विषयावर मी तासभर भाषण दिलं. पहिल्या रांगेतली शहाणी मंडळी माना डोलावत होती. त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की हे यंत्र आधी का नव्हतं. मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला, आणि मग त्यांच्याबरोबर जेवले.

अक्काच्या रानातलं मीठ निघायला मात्र वेळ लागणार होता. मी तिला जिप्सम टाक म्हटलं, ताग पेर म्हटलं. तिने माझे आभार मानले. 

आता सांगते. जे सांगायचं होतं ते आत्ता येतंय.

तात्या आजारी पडले. हडपसरला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं. अक्काचा फोन आला — तात्या तुझं नाव घेत्यात, ये. मी गेले. भेटायच्या वेळेत, दुपारी. खाटेशेजारी अक्का होती; त्या आजारपणात तीच त्यांचं सगळं करत होती. तात्या वाळून गेले होते. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "पोरी, एक सांग. राग न्हाई माझा. पानी खारं व्हतं का न्हाई?"

एवढंच. भांडण नाही, आरोप नाही. मरणाऱ्या माणसाला एका शब्दात जाणून घ्यायचं होतं, की आपली जीभ शाबूत होती की नव्हती. 

विचार करा ना, मला तेव्हा काय कमी होतं? यंत्र बसलं होतं. पाणी गोड झालं होतं. कारखाना कुणी बंद करणार नव्हतं, मला कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं. खोलीत आम्ही तिघंच. 'होतं' म्हणायला माझं काय गेलं असतं? फार तर अक्काच्या नजरेतून उतरले असते. आणि मी तेच मोजलं. अक्काकडे पाहिलं — ती श्वास धरून माझ्याच तोंडाकडे बघत होती — आणि मी तात्यांचा हात हातात घेतला. हातसुद्धा घेतला! आणि म्हणाले, "नाही तात्या. गोडच होतं."

ते छताकडे बघू लागले. तोंड हलत होतं, काहीतरी चाखत असल्यासारखं. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं म्हनायचं." आणि अक्काकडे वळले. सलाइन लावलेला हात उचलला, दुसरा त्याला लावला आणि सुनेपुढे हात जोडले. "माफ कर गं बाई," म्हणाले. "लई तरास दिला तुला." 

अक्का ढसाढसा रडली. "आवं तात्या, हात नका जोडू," म्हणत तिने ते हात धरून खाली ठेवले. मी तिथेच होते, खाटेपाशी. अजूनही बोलता आलं असतं. तात्या त्यानंतर तीन दिवस होते. मी दोनदा जाऊन आले. एकदा सफरचंदं नेली.

अक्का आता लग्नाकार्यात कोपऱ्यात बसत नाही. तात्यांनी जाताना सुनेची माफी मागितली, हे थोरल्या जावेने दारातून ऐकलं होतं, गावभर झालं. अक्काचं नाव धुऊन निघालं. प्रत्येक श्राद्धाला, प्रत्येक नव्या पाहुण्याला ती ते सांगते. तात्या मनाने मोठे होते, म्हणते, आपली चूक कबूल करून गेले. सांगताना तिचे डोळे भरतात. मग ती माझ्याकडे वळते आणि म्हणते, "तू व्हतीस की गं तिथं."

मी म्हणते, हो, होते.